वीस हजारांच्या आतलं घडीचं जीपीएस ड्रोन: सरकतंय म्हणून परत पाठवायच्या आधी हे वाचा

पाचपैकी साडेतीन स्टार. तीनच देणार होतो, पण कॅमेरा किमतीच्या मानानं बरा निघाला म्हणून अर्धा वाढवला. नाव टाकत नाही, कारण हेच ड्रोन, हाच साचा, हाच रिमोट चार वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन विकतात, वरचं स्टिकर आणि बॉक्सचा रंग तेवढा बदलतो, त्यामुळं तुम्ही जे बघून ठेवलंय ते बहुतेक हेच असणार. ओळख सांगतो. घडी होणारे चार हात, ब्रशलेस मोटर (आत घासणारे ब्रश नसलेली), जीपीएस, पोटाखाली बारका कॅमेरा जो जमीन बघून ड्रोनला जाग्यावर धरतो आणि ज्याला ऑप्टिकल फ्लो म्हणतात, वजन २५० ग्रॅमच्या आत, आणि बॉक्सवर ढब्बू अक्षरात फोर-के.

या ड्रोनचे रिव्ह्यू वाचलात तर निम्म्या लोकांची एकच बोंब आहे, हवेत थांबत नाही, सरकतंय, वाहत जातंय. आणि विकणाऱ्याच्या हेल्पलाइनवर विचारलं की एकच उत्तर, सर कॅलिब्रेट करा, म्हणजे सेन्सरचं माप परत जुळवून घ्या. परत फोन केला की परत कॅलिब्रेट करा. तिसऱ्यांदा केला तर ॲप काढून परत टाका. माझं म्हणणं असं की कॅलिब्रेट करा हे उत्तर चूक नाही, पण कशाचं कॅलिब्रेशन, कुठं उभं राहून, आणि मुळात लागतंय का, हे कोण सांगत नाही. सरकणं सरकणं म्हणतो आपण, पण त्याचे चार-पाच प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. कुठल्या प्रकारचं आहे ते आधी ओळखायचं, मग हात लावायचा.

आधी एक गोष्ट मान्य करून टाका, जीपीएसवरचं ड्रोन खिळा ठोकल्यासारखं थांबत नाही. डीजेआय या नावाजलेल्या कंपनीच्या मिनी २ ड्रोनच्या कागदावर सुद्धा जीपीएसवर आडव्या अंगाला दीड मीटर इकडंतिकडं होणार असंच लिहिलंय, खालच्या कॅमेऱ्याला जमीन नीट दिसत असली तर ते ०.३ मीटरवर येतं. मग या स्वस्तातल्याकडनं जास्त काय मागणार. मीटर-दीड मीटर डुलून परत जाग्यावर येत असेल तर त्याला काही झालेलं नाही, उडवा बिनधास्त. हे न कळता चांगलं ड्रोन परत पाठवलेली माणसं मला माहीत आहेत.

दुसरं म्हणजे गडबड. ऑन केलं की लगेच वर. जीपीएसला जागा काढायला निदान चार उपग्रह लागतात, पण चारवर ते नुसतं अंदाजपंचे असतं, ॲपमधला आकडा दहा-बाराच्या वर जाऊन तिथं टिकला की मग उडवायचं. नवीन गावाला गेलात, म्हणजे आज बेळगाव आणि उद्या खानापूरच्या पुढं जांबोटीकडं, तर पहिल्यांदा जास्त वेळ लागतो, आणि झाडीत, दरीत तर आकडा वर चढतच नाही. तसंच उडवलं की ते खालच्या कॅमेऱ्याच्या जिवावर थांबतं आणि मधेच जीपीएस लागलं की एकदम एका अंगाला हिसका मारतं. लोकं म्हणतात, ड्रोन पिसाळलं.

आता खरी तपासणी. ही मी बेळगावजवळ येळ्ळूरच्या शिवारात भात कापून झाल्यावर करतो, सकाळी लवकर, वारं पडलेलं असतं तेव्हा. चिमूटभर माती वरनं सोडायची, सरळ खाली पडली तर वारं नाही. या रिमोटवर जीपीएस बंद करायचं बटण आहे, ते दाबायचं आणि ड्रोन नारळाच्या झाडाएवढं वर न्यायचं, म्हणजे खालच्या कॅमेऱ्याची नजर जमिनीला पोचत नाही आणि दोन्ही कुबड्या निघतात. रिमोटच्या काड्या सोडून द्यायच्या आणि कुठल्या बाजूला जातंय ते बघायचं. समजा राजहंसगडाच्या बाजूला निघालं. आता त्याचं तोंड जाग्यावरच काटकोनात फिरवायचं आणि परत काड्या सोडायच्या. अजून गडाकडंच जात असेल तर खाली नसलं तरी वर वारं आहे, ड्रोनचा दोष नाही. पण तोंड फिरवल्यावर सरकायची दिशाबी फिरली, म्हणजे आधी स्वतःच्या उजवीकडं जात होतं आणि आताबी स्वतःच्या उजवीकडंच जातंय, तर मग दुखणं ड्रोनच्या अंगात आहे. एवढ्या एका तपासणीनं निम्मा घोळ मिटतो आणि मॅन्युअलमध्ये तिचा एका शब्दानं उल्लेख नाही. अर्धा स्टार तिथंच गेला.

अंगातलं दुखणं असेल तर पहिला संशय रिमोटवर घ्या, ड्रोनवर नव्हे. अलाइनमेंट गेलेल्या गाडीचं स्टेअरिंग एका बाजूला ओढतं तसं हे ओढ खातं, आणि बरेचदा कारण एवढंच असतं की काडी सोडल्यावर बरोबर मध्ये येत नाही. ॲपमध्ये रिमोट कॅलिब्रेशन आहे, ते करून घ्या. ट्रिमची बटणं, म्हणजे ड्रोनला थोडं एका अंगाला ढकलून ठेवणारी, रिमोट पिशवीत घालताना आपोआप दाबली जातात, ती मध्यावर आहेत का बघा. आणि ते हेडलेस मोडचं बटण, ते कुणी दिलंय देव जाणे, चालू राहिलं की ड्रोनचं तोंड कुठंबी असू दे, काडी पुढं केली की ते तुमच्यापासनं लांब जातं, नवीन माणसाला वाटतं ड्रोन ऐकत नाही.

ते सगळं ठीक असेल तर मग आयएमयू. म्हणजे आतला जायरो आणि ॲक्सिलरोमीटर, ज्यांच्यावरनं ड्रोनला सपाट कशाला म्हणतात ते कळतं. तिरक्या जागेवर कॅलिब्रेट केलं तर ते तिरकसालाच सपाट धरून बसतं आणि वर गेल्यावर तेवढं कलून सरकत राहतं. जमिनीवर, सतरंजीवर, गाडीच्या बॉनेटवर करू नका. घरातला कडप्प्याचा ओटा सगळ्यात चांगला, फोनमधलं लेव्हलचं ॲप ठेवून आधी ओटा बघून घ्या, काही ओटे पाणी जावं म्हणून मोरीकडं मुद्दाम उताराचे असतात. आणि उडवून आणल्या आणल्या गरम ड्रोनवर नको, निवू द्या.

आता गोल फिरायचं. हे सरकणं नव्हे, हा वेगळाच रोग आहे आणि हाच सगळ्यात घातक. ड्रोन थांबायच्या ऐवजी बारका गोल मारतं, मग मोठा, मग त्याहून मोठा, आणि वेग वाढत जातो. उद्यमबागच्या मागच्या बाजूला एका दोस्ताच्या प्लॉटवर हे बघितलं, बाजूला सळ्यांचा ढीग, पत्र्याची शेड, बोअरची केसिंग उघडी. तिथला वॉचमन शांतपणे म्हणतो, "गोल गोल फिरालंय की ओ ते, दोरी लावून आणायचं न्हाई काय?" कारण कंपास. जीपीएस सांगतं तू उत्तरेला दोन मीटर सरकलास, परत ये. ड्रोन परत यायला निघतं, पण त्याची उत्तरच चुकलेली, म्हणून ते तिरकं येतं, मग जीपीएस परत ओरडतं, ते परत तिरकं सुधारतं, आणि त्या सुधारण्याच्या नादात गोल तयार होतो. अशा वेळी काड्यांशी कुस्ती खेळायची नाही आणि होमचं बटण तर अजिबात दाबायचं नाही, कारण होमबी त्याच चुकलेल्या कंपासवर येणार. जीपीएस बंद करायचं आणि हातानं खाली आणायचं. त्यासाठी जीपीएसशिवाय उडवायची सवय मोकळ्या रानात आधीच करून ठेवा.

कंपास कॅलिब्रेट करायला आपल्याकडं सगळे कुठं जातात, तर टेरेसवर. स्लॅबमध्ये सळ्या असतात ओ. टेरेसवर केलेलं कॅलिब्रेशन म्हणजे त्या सळ्यांसकट ड्रोनला उत्तर शिकवणं, मग रानात गेल्यावर तेच चुकतं. मोकळ्या मातीवर उभं राहा, ट्रॅक्टर-ट्रॉली, मोटारसायकल, विजेचा खांब, विहिरीवरची मोटर यांच्यापासनं लांब. खिशातनं चाव्या आणि फोन काढा, हातातलं कडं-घड्याळ काढा, आणि मग मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसं आडवं धरून आणि उभं धरून फिरवा. एकदा नीट झालं की दर वेळी करत बसू नका. ॲप मागत असेल, किंवा ड्रोन लांबच्या गावाला नेलं असेल, किंवा स्पीकरजवळ वगैरे ठेवलं गेलं असेल, तेवढ्या वेळीच. बरं चाललेलं कॅलिब्रेशन वाईट जागी परत करून बिघडवणारे लई आहेत. ड्रोनची पिशवी घेतानाबी झाकणाला लोहचुंबकाचं बटण असलेली घेऊ नका.

थरथर हा तिसरा प्रकार. ड्रोन जाग्यावर थांबतं पण अंगात कापरं भरतं, आणि व्हिडिओत विजेचे खांब लाटालाटांनी वाकडे दिसतात, त्याला जेलो म्हणतात. इथं सॉफ्टवेअरमध्ये हुडकत बसू नका, पंखे बघा. पंख्याच्या कडेवरनं नख फिरवा, डोळ्याला न दिसणारी खाच नखाला लागते. भाताच्या बुडख्यात एकदा उतरवलं तरी कडा खाल्ली जाते. मग मोटर. बॅटरी काढून प्रत्येक मोटर बोटानं हळू फिरवायची, चारही एकसारख्या टिकटिकत फिरल्या पाहिजेत, एखादी खरखरली तर आत तांबडी माती गेली, एखादी जड वाटली तर शाफ्टला काहीतरी गुंडाळलंय, बहुतेक वेळा लांब केस नाहीतर पतंगाचा दोरा. दात घासायच्या जुन्या ब्रशनं माती निघते. तेल सोडू नका, तेलाला आणि माती चिकटते. आणि उडवून खाली आणल्यावर चारही मोटरांना बोट लावून बघायची सवय लावा, एक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेली असेल तर ती कुणाचं तरी ओझं एकटी ओढालीय.

आता घडीच्या ड्रोनचं खास दुखणं सांगतो, ज्याच्यासाठी मी दुकानदाराचंबी कौतुक करणार आहे. माझ्या ड्रोनला मागचा डावा कोपरा मधेच खचायचा रोग लागला. दहा मिनिटं गुळगुळीत उडायचं आणि मग एकदम तो कोपरा खाली झुकून परत सावरायचं. सगळी कॅलिब्रेशनं झाली, पंखे बदलले, मोटर साफ, काही नाही. हेल्पलाइन आपली, सर कॅलिब्रेट करा. शेवटी शहापूरकडच्या एका मोबाईल रिपेअरवाल्याकडं घेऊन गेलो, त्याच्या दुकानात ड्रोनचा बोर्ड वगैरे काही नाही, फोनच दुरुस्त करतो. मी सगळी कथा सांगायला लागलो तर म्हणाला, "स्वल्प तडी री (जरा थांबा ओ), आधी बघू तर दे." त्यानं कव्हर उघडलं, मल्टिमीटर बीपवर लावलं, मोटरकडं जाणाऱ्या तीन वायरींपैकी एकीच्या दोन टोकांना पिन धरल्या आणि दुसऱ्या हातानं ड्रोनचा हात बिजागरीत हळूहळू उघडझाप करायला लागला. पहिली वायर, बीप चालूच. दुसरी, चालूच. तिसरीला हात पूर्ण उघडला की बीप तुटायचं, थोडा मिटला की परत यायचं. वरनं वायर अख्खी दिसत होती. आत बारीक तारा तुटून दोन-तीनच राहिल्या होत्या, घडी घालून घालून. हवेत हात कापला की तेवढ्याबी सुटायच्या आणि मोटर क्षणभर दम टाकायची.

नवीन वायर घालताना त्यानं जुन्यांचा फोटो काढून ठेवला, कारण ब्रशलेस मोटरच्या तीनपैकी कुठल्याबी दोन वायरी अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते आणि ड्रोन उठता उठताच पलटी खातं. नवीन वायर जरा लांब घेतली, बिजागरीत ताण येऊ नये म्हणून वळसा देऊन बसवली. सिलिकॉन आवरणाची मऊ वायर घातली, साधी घातली असती तर परत तुटली असती असं तोच म्हणाला. अख्खा नवीन हात ऑनलाइन जेवढ्याला येतो त्याच्यापेक्षा कमी पैसे घेतले आणि पावतीवर काय केलं ते लिहून दिलं. दुकानाला पाचपैकी पाच. ड्रोनला मात्र इथं माझा राग आहे, एवढ्या बारक्या बिजागरीत एवढी कडक वायर घालणं म्हणजे मुद्दाम तुटायलाच ठेवल्यासारखं.

वर-खाली होण्याबद्दल थोडक्यात. उंची हवेच्या दाबावरनं मोजतात, त्यामुळं वाऱ्याचा झोत आला की मीटरभर वर-खाली होणं आलंच. पण जमिनीलगत, तेबी उसावर किंवा तळ्यावर थांबवलात तर खालचा कॅमेरा पुरता फसतो. उसाची पानं हलतात, ड्रोनला वाटतं आपणच सरकलो, आणि ते पानांच्या मागं जातं. पाण्यावरबी तेच, लाटांच्या संगं वाहतं. संध्याकाळी उजेड कमी झाला की घरातल्या गुळगुळीत फरशीवरबी हेच होतं. पिकावर आणि पाण्यावर सरळ उंच जायचं आणि जीपीएसवर सोडायचं.

वाऱ्याचं म्हणाल तर आपल्याकडं जुलै-ऑगस्टला हे खेळणंच आहे. मिनी २ ला कागदावर १०.५ मीटर प्रति सेकंदापर्यंत म्हणजे ताशी ३८ किलोमीटरच्या आसपासचं वारं चालतं म्हणतात, माझ्या या ड्रोनच्या बॉक्सवर आकडाच नाही आणि का नाही ते गडावर गेल्यावर कळतं. राजहंसगडावर खाली पार्किंगला पान हलत नसतं आणि तटाच्या वर गेलं की झोत, त्यात तटाच्या आडोशाच्या बाजूला वारं खाली कोसळतं, तिथं ड्रोन डुचमळणारच, त्याला कॅलिब्रेशन काय करणार. तिथं जायचंच असेल तर आधी वाऱ्याच्या तोंडावर न्या, म्हणजे येताना वारं ढकलत आणतं. उलट केलात तर वाऱ्यासंगं मजेत जातं आणि परत येताना बॅटरी अर्ध्या वाटेत संपते. बॅटरी खाली गेली की व्होल्टेज पडतं, मोटरा ढिल्या होतात आणि तेव्हाबी ते डगमगतं, त्यालाबी लोकं ड्रिफ्टच म्हणतात. बॅटरी थोडीशी जरी फुगली असेल तर ती खाचेत नीट बसत नाही, वजन एका बाजूला जातं, टाकून द्या. ठेवायची तेव्हा फुल चार्ज करून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा.

आणि तपासणी कुठं करताय ते बघा. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या, म्हणजे नॅनो ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही हे खरं, पण त्याचा अर्थ कुठंबी उडवा असा होत नाही. बेळगावला म्हणाल तर सांबऱ्याला विमानतळ आणि एअरफोर्स, कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्री, त्यामुळं शहरातल्या मैदानांवर उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा, ड्रोन कुठं उडवता येतं ते दाखवणारा नकाशा उघडून बघा. मला दूरच्या शिवारातलीच सवय लागलीय, तिथं बघायला येणारी पोरंच तेवढी त्रास देतात.

घ्यायचं का? हातानं स्क्रू खोलायची हौस असेल तर घ्या, किमतीला वाईट नाही, आतलं जीपीएस आणि सेन्सर बरे आहेत, बिजागरी आणि पंखे रद्दड आहेत. लग्नाच्या ऑर्डरला वापरायला घेत असाल तर नको, वरातीच्या मध्येच कोपरा खचला तर नवऱ्यामुलाचा मामा तुम्हाला सोडणार नाही. घेतलंच तर पंख्यांचा जादाचा सेट त्याच दिवशी मागवा. ए आणि बी असे दोन प्रकार येतात, एक सुलट फिरणाऱ्या मोटरचा आणि एक उलट, हातावरच्या खुणेशी जुळवूनच लावा आणि एका मोटरचे दोन्ही पंखे एकाच पाकिटातले घ्या, एक जुना एक नवा असं नको. स्क्रू सोबतचे नवीन वापरा, जुन्यांवरचा निळा लेप निघालेला असतो आणि ते हवेतच ढिले होतात. माझ्या पाकिटात दोन स्क्रू कमीच आले होते, त्यामुळं पाकीट आलं की आधी मोजून घ्या.